कानापुढची सुई

प्रिय बटण,

पाकिटावर तुझं खरं नाव लिहिलं आणि उगाच परकं वाटलं, म्हणून आत तरी हेच लिहिते. अक्षर वाईट आलंय, सांभाळून घे. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात आज एक सुई होती. ती काढून चार तास झाले तरी तिथे जडपणा आहे, पेन धरलं की जाणवतो. घाबरू नकोस, मशीनची सुई नाही. मशीननं मला इतक्या वर्षांत एकदाच टोचलंय, आणि तेव्हा तू शेजारी बसून माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली होतीस.

झालंय असं की गेल्या थंडीपासून माझा जबडा डाव्या बाजूनं अडकतो. सुरुवात एका सफरचंदानं झाली. दुकानात उभ्या उभ्या खात होते, चावा घेतला आणि कानाच्या पुढे कट्ट असा आवाज आला. इतका मोठा की मधल्या खिडकीतून शेजारच्या ड्रायक्लीनरवाल्या काकांनी विचारलं, “काय मोडलं गं?” मी म्हटलं, काही नाही, सफरचंद. त्यावर ते म्हणाले की सफरचंद असं मोडत नाही, माझी बायको अशी मोडते, रोज सकाळी उठताना. तू ओळखतेसच त्यांना. मी हसायला गेले आणि तोंड अर्ध्यात थांबलं. पुढे उघडेना, मागे मिटेना. मग हळूच हनुवटी उजवीकडे सरकवली तेव्हा सुटलं. पण त्या दिवसापासून घास घेताना, जांभई देताना, गिऱ्हाइकाशी दोन वाक्यं जास्त बोलताना कानात कुणी पाना फिरवतंय असं दुखायला लागलं.

दातांच्या डॉक्टरांनी माझीच बोटं माझ्या दातांत उभी धरायला लावली. धड माणसाच्या तोंडात तीन बोटं मावतात म्हणे. माझी दोन मावली, तीही ओढूनताणून. त्यांनी विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, कपडे दुरुस्त करते, लांबी कमी कर, कंबर सैल कर, झिप बदल. मग टाचण्या कुठे धरता? तोंडात. दोरा कसा तोडता? दातानं. कुठल्या? डाव्या. डॉक्टर कागदावर लिहीत राहिले, आणि मी कात्री हातात असूनही तीस वर्षं दोरा दातानंच का तोडत आले याचा विचार करत बसले. कात्री उचलायची तर हातातलं कापड सोडावं लागतं, एवढंच कारण आहे. तुला मी शंभरदा ओरडले असेन, दातानं तोडू नकोस, कात्री घे. तू म्हणायचीस, मावशी, तू आधी घे.

झोपेत मी दात आवळते असंही निघालं. दाढांवरून त्यांना कळलं. ते म्हणाले, आवाज येत असणार, घरात कुणी सांगितलं नाही का? साधा प्रश्न होता. मी म्हटलं, नाही, कुणी बोललं नाही. त्यांनी झोपताना दातांवर घालायला प्लास्टिकचं एक कवच दिलं. त्यामुळे दाढा वाचल्या, दुखणं काही गेलं नाही. मग त्यांनीच एक पत्ता दिला. सुया टोचून स्नायू सैल करतात, काहींना खूप बरं वाटतं, बघा एकदा, म्हणाले.

मी लगेच गेले नाही. सूप, भिजवलेला पाव, उकडलेला बटाटा, असं चालू होतं. खरं सांगायचं तर सूपही रोज होत नव्हतं, एकटीसाठी भांडं काढायचा कंटाळा. सकाळी चहा प्यायचा आणि दुकान उघडायचं. एका सोमवारी पहिल्या गिऱ्हाइकाला “या” म्हणायला गेले तर घशातून खरखर निघाली, शब्दच नाही. तेव्हा लक्षात आलं की शनिवारी कुलूप लावताना काकांना “येते” म्हटलं होतं, त्यानंतर मी काहीच बोलले नव्हते. एक पूर्ण रविवार आणि दोन्ही बाजूंचे तुकडे. दुखत होतं म्हणून गप्प होते असं मी स्वतःला सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, त्या पत्त्यावर गेले.

चष्म्याच्या दुकानावर दुसरा मजला. खोली लहान, एक उंच पलंग, एक लाल दिवा शेकायला, भिंतीवर माणसाच्या शरीराचं चित्र आणि त्यावर ठिपके, आपण कापडावर खडूनं करतो तसे. सुईवाल्या बाई साठीच्या असतील, ठेंगण्या, जाड तळव्याचे बूट घालणाऱ्या. त्यांनी विचारलं, सुयांची भीती वाटते का? मी माझी बोटं पुढे केली. त्यांनी टोकांवरचे डाग बघितले आणि म्हणाल्या, बरं, मग आज मीच घाबरते. मी त्यांच्याकडून एक सुई हातात मागून घेतली. केसाएवढी बारीक, वळते पण मोडत नाही. मी म्हटलं, हिला नेढं नाही. त्या म्हणाल्या, दोराच नाही तर नेढं कशाला? मला त्या तिथेच आवडल्या. हेही स्पष्ट सांगितलं त्यांनी, की सांधा झिजला असेल तर मी नवा करून देत नाही, आवळलेला स्नायू सैल करते, उरलेलं तुमचं तुम्ही करायचं.

सुई टोचण्याआधी त्यांनी माझा चेहरा चाचपला. दोन्ही तळहात गालांवर ठेवले, बोटं कानांपुढे, आणि म्हणाल्या, तोंड उघडा, मिटा, उघडा. मी रोज लोकांच्या अंगाला हात लावते गं. खांदे मोजते, कंबर मोजते, कुणाची मान, कुणाचं मनगट. पण माझ्या गालाला कुणी हात लावला, त्याला तुझे बाबा गेल्यापासूनचा सगळा काळ लोटला होता. अडीच वर्षं. मग एक सुई कानापुढे, एक जबड्याच्या कोपऱ्यात, एक या बेचक्यात, आणि वीस मिनिटं हलायचं नाही. दुखलं नाही. जड झालं, गालाच्या आत कुणी ओलं कापड ठेवल्यासारखं. आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते वाहत जाऊन कानात साचलं, आणि हलायचं नसल्यामुळे मला पुसता येईना. बाईंनी कापसानं कान टिपला आणि म्हणाल्या, डावीकडच्या सुईनं होतं असं कधीकधी. मला माहीत आहे, होत नसणार.

त्याच दिवशी एक कार्ड भरायला दिलं होतं. वय, आजार, औषधं. खाली एक रकाना, घरी सोबत कोण असतं? नाव, नातं, फोन. तिथे मी तुझं नाव लिहिलं. नात्याच्या पुढे “मुलगी” लिहिलं. पेन थांबलंच नाही बघ. रकाना रिकामा सोडायची लाज वाटली असेल, पण तेवढंच कारण असतं तर मी काकांचं नाव लिहिलं असतं.

एकदा लिहिल्यावर ते निभावणं आलं. दर मंगळवारी सुया लावता लावता बाई विचारायच्या, मुलगी काय म्हणते? मी म्हणायचे, बरी आहे, कामावर गेली. तिनं सूप करून ठेवलंय. तू, आणि सूप! तुझ्या हातून पाणीही करपायचं. पण माझ्या त्या खोट्यातली तू फार गुणी निघालीस. एका आठवड्यात तू मला मऊ उशी आणून दिलीस. पुढच्या आठवड्यात ओला टॉवेल पलंगावर टाकलास म्हणून आपलं भांडण झालं, आणि ते सांगताना मला खरंच राग आला. घरी आल्यावर पलंगाकडे बघितलंसुद्धा. आता हसायला येतं, तेव्हा नाही आलं.

तू मनात म्हणशील, हे सगळं चाललंय, पण ही कोटाबद्दल का लिहीत नाही. लिहिते.

तू आठ वर्षांची होतीस तेव्हा तुझे बाबा पहिल्यांदा दुकानात आले, शाळेच्या झग्याची लांबी वाढवायला. तुझी आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी आतली दुमड उसवून दिली. दर चार महिन्यांनी तेच, पोरगी वाढतेय हो. शेवटी मी नवा झगा शिवताना आतून चार बोटं माया ठेवली, म्हणजे त्यांना सारखं यायला नको. तर ते तरीही यायचे, तुझं एखादं तुटकं बटण घेऊन, आणि बटणं इतकी तुटायला लागली की तूच एकदा सांगून टाकलंस, बाबा ओढून काढतात. तिथून तुझं नाव बटण पडलं आणि तिथून मी तुमच्या घरात आले. तू मला मावशी म्हणत होतीस, मावशीच म्हणत राहिलीस, आणि मला त्यात कधी काही कमी वाटलं नाही. तुला पहिली पाळी आली तेव्हा तू माझ्याकडे आलीस, गणितात नापास झालीस तेव्हाही. मी कपडे शिवणारी बाई आहे. माझं सगळं म्हणणं मी कपड्यातच सांगत आले. तुला थंडी वाजते म्हणून अस्तर जाड, तू लाजतेस म्हणून गळा वर.

बाबा गेल्यावर तू दोन आठवडे राहून परत गेलीस, तुझ्या शहरात, तुझ्या कामावर. जाताना म्हणालीस, बाबांचा राखाडी कोट पुढच्या वेळी नेईन. मी तो खुंटीवरून काढला. तुला खांद्यात चार बोटं मोठा, बाह्या हातांच्या खाली. मला वाटलं, ती नेणार आणि कपाटात ठेवून देणार, आणि कापड कपाटात मरतं. मी तो उसवला. वाफ दिली, प्रत्येक तुकडा सपाट केला, तुझं माप माझ्याकडे होतंच, आणि तीन आठवडे बसून त्याचं तुझ्यासाठी जॅकेट केलं. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही. त्यांच्या कोपरांनी आलेला फुगवटा मी वाफेनं पूर्ण काढला. खिसा ओघळला होता तो घट्ट केला. कॉलरवर त्यांच्या मानेची रेघ होती, ती घासून घालवली. एकेक गोष्ट घालवताना मी खूश होत होते, बटण. कुणी सांगितलं असतं तरी मला कळलं नसतं की मी काय करतेय, कारण माझ्या धंद्यात ह्यालाच चांगलं काम म्हणतात.

तू आलीस, मी ते तुझ्यापुढे धरलं. तू विचारलंस, कोट कुठेय? मी म्हटलं, हाच की. तू कॉलर नाकाशी नेलीस. मग म्हणालीस, “तू कापलास?” बस, तेवढंच. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. जॅकेट खुर्चीवर ठेवलंस, नीट घडी घालून, मी शिकवलेली घडी, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. मी दारात उभी होते. तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी टाचण्या असल्यासारखी उभी राहिले. सॉरी म्हणायला हवं होतं. मला वाटलं, फोन करून म्हणेन. मग वाटलं, तिनं आधी करू दे, म्हणजे तिला बोलायचंय हे कळेल. मग आठवडे झाले, आणि मग माझ्या डोक्यात एक किडा शिरला. बाबा होते तोवर मी मावशी होते. ते नाहीत, तर आता मी तुझी कोण? कपडे शिवणारी एक बाई, जिनं तुझ्या वडिलांचा कोट फाडला. तुला फोन करायचा माझा काय हक्क? दोन वर्षं मी हा एकच प्रश्न चघळला, आणि डॉक्टरांना वाटलं मी दोऱ्यानं जबडा बिघडवला.

आता तिसऱ्या मंगळवारचं सांगते. बाईंनी बजावून ठेवलं होतं, उपाशी पोटी यायचं नाही. मी हो म्हटलं होतं. सुया निघाल्या, मला छान हलकं वाटलं, आणि मी पलंगावरून टुणकन उतरले. पुढचं आठवतं ते छत. मी खाली जमिनीवर, पाय खुर्चीवर चढवलेले, लाल दिवा तोंडावर आणि बाईंच्या हातात माझं कार्ड. त्या म्हणाल्या, फोन लावला होता घरी. मी लगेच विचारलं, उचलला? त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, आधी हे गोड पाणी प्या. मी समजायचं ते समजले. अनोळखी नंबर, तू कामात असशील, किंवा माझं नाव ऐकून ठेवून दिला असशील. घरी येताना जिन्याचा कठडा धरून उतरले आणि मनात म्हटलं, बरं झालं, खोटं उघडं पडलं नाही. असं म्हणताना दात इतके आवळले गेले की वीस मिनिटांचं सगळं काम तिथेच वाया गेलं.

तरी जात राहिले. बाईंनी एक गोष्ट शिकवली, ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला निवांत. दिवसातून पन्नासदा आठवायचं. मी मशीनवर खडूनं लिहून ठेवलंय, “दात सुटे”. एका गिऱ्हाइकानं विचारलं, हे नवीन फॅशनचं नाव का? टाचण्या आता मनगटावरच्या उशीत असतात. कात्री गळ्यात दोरीला. पहिले काही दिवस मी इतकी हळू झाले की काकांना वाटलं मी दुकान विकणार. पाचव्या मंगळवारनंतर पाव न भिजवता खाल्ला. सातव्यानंतर जांभई दिली, पूर्ण, आवाजासकट. आणि बाई दर वेळी विचारतच राहिल्या, मुलगी काय म्हणते? मीही सांगतच राहिले.

आज आठवी वेळ. माझी तीन बोटं मावली. बाईंनी टाळी वाजवली, मग म्हणाल्या, आता सुया बास. पुढच्या मंगळवारी मुलीला घेऊन या, गालाच्या आतून अंगठ्यानं स्नायू कसा दाबायचा ते तिला दाखवते, रोज करू दे. मी पलंगाच्या कडेला बसले होते, बूट घालत. एका पायात बूट, एक हातात. आणि मला पुढचं खोटं सुचेना. मी सांगून टाकलं. ती माझ्या घरी राहत नाही. ती माझी मुलगीही नाही, तिच्या वडिलांची मुलगी आहे, आणि ते गेले, आणि मी त्यांचा कोट कापला, आणि ती माझ्याशी बोलत नाही. तो रकाना खोडा. हे सगळं एका दमात बोलले, जबडा एकदाही अडकला नाही. बाईंनी कार्ड काढलं, पण खोडलं नाही. म्हणाल्या, ती तुमच्या घरी राहत नाही हे मला त्या तिसऱ्या मंगळवारीच कळलं होतं. “फोन उचलला होता तिनं. मी विचारलं, तुम्ही यांच्या मुलगी का? ती हो म्हणाली. श्वास घ्यायलासुद्धा थांबली नाही. म्हणाली, मी तीन तासांवर आहे, निघतेच. मी म्हटलं, नको, डोळे उघडलेत त्यांनी. मग म्हणाली, मी विचारलं हे तिला सांगू नका, पण तिनं सकाळी काही खाल्लं होतं का? ती खात नाही. मी म्हटलं, विचारून सांगते. आणि मग तुम्हाला सांभाळता सांभाळता तिला सांगायचं राहूनच गेलं.” बटण, अंगठा कुठे दाबायचा ते माझं मला करता येतं, बाईंनी नंतर तेही कबूल केलं, त्यामुळे तुझ्यावाचून माझं काही अडलंय असं नाही. मंगळवारी पाचला मी तिथे असेन, यावंसं वाटलं तर ये, आणि कोटाबद्दल तुला मला माफ करता आलं नाही तर न करताही ये. पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये. तू पाच आठवड्यांपूर्वी एक प्रश्न विचारलास आणि तुला त्याचं उत्तर कुणी दिलंच नाही, आणि तू उत्तराविना इतके दिवस काढलेस हे आज कळल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. तर ऐक. नाही, त्या सकाळी मी काही खाल्लं नव्हतं. नुसता चहा प्यायले होते. आज मात्र पाव खाल्ला, अंडं खाल्लं, आणि हे पत्र पेटीत टाकून आले की पुन्हा काहीतरी करून खाणार आहे.

तुझीच,
मावशी